एक कडेवर, एक पोटात: दुसऱ्या बाळंतपणाआधीची घरची तयारी

पहिल्या खेपेला सगळे घर गरोदर बाईभोवती फिरते. दुसऱ्या खेपेला तसे होत नाही, कारण घरात दीड-दोन वर्षांचे मूल असते आणि त्याला स्वतःची भूक, झोप आणि हट्ट यांपलीकडे कसलेही वेळापत्रक ठाऊक नसते. एका बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहण्यापूर्वी किमान 24 महिन्यांचे अंतर असावे असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. हा सल्ला तंतोतंत पाळला तरी दुसरे बाळ येते त्या वेळी थोरले जेमतेम पावणेतीन वर्षांचे असते, म्हणजे चालते-बोलते झालेले, पण संध्याकाळ झाली की आईच्या कडेवर चढणारे. अशा घरासाठी पुढे दिलेल्या सर्व सूचनांच्या मुळाशी एकच सूत्र आहे: थोरल्याच्या दिनक्रमात जो बदल करायचा आहे तो सातवा महिना संपण्याच्या आत करावा, आणि त्यातला कोणताही बदल येणाऱ्या बाळाच्या नावावर टाकू नये.

कामे आधी दुसऱ्या हातांत द्यावीत

थोरल्याची आंघोळ, भरवणे, झोपवणे आणि संध्याकाळी बाहेर नेणे ही चार कामे बहुतेक घरांत आईकडेच असतात. बाळंतपणानंतर ती एका दिवसात बाबांकडे किंवा आजीकडे गेली, तर मुलाच्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ असतो: बाळ आले आणि आई गेली. म्हणून चौथ्या महिन्यापासून एकेक काम हळूहळू हस्तांतरित करावे आणि एक काम अंगवळणी पडल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये. सुरुवात आंघोळीने करणे सोपे जाते, कारण पाण्यात खेळायला मिळत असेल तर पाणी कोण घालते याची मूल फारशी फिकीर करत नाही. काम ज्याच्याकडे गेले त्याच्याकडे ते पूर्णपणे जावे, म्हणजे टॉवेल कुठे आहे, आज कोणता सदरा घालायचा आणि पाणी किती कोमट हवे हे विचारायला दर दोन मिनिटांनी स्वयंपाकघरात हाक येता कामा नये. आईनेही दाराशी उभे राहून सूचना देऊ नयेत. पहिले काही दिवस त्या वेळेला तिने चक्क खाली फेरी मारायला जावे.

झोपवणे सर्वांत अवघड असते आणि त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो. आपल्याकडे मूल आईच्या कुशीतच झोपते आणि त्यात गैर काही नाही, परंतु नवजात बाळ आल्यावर रात्री दर दोन-तीन तासांनी दूध पाजावे लागते, दिवा लागतो, रडणे होते आणि त्या एकाच अंथरुणात चौघांची झोप मोडते. शिवाय झोपेत हातपाय झाडणाऱ्या मुलाच्या शेजारी तान्ह्या बाळाला ठेवणे सुरक्षित नाही. यावर उपाय असा की पाचव्या-सहाव्या महिन्यात प्रथम फक्त जागा बदलावी: मूल त्याच पलंगावर, पण बाबांच्या बाजूला. ते रुळले की थोपटण्याचे काम बाबांनी घ्यावे आणि आईने शेजारी नुसते पडून राहावे. त्यानंतर आईने थोडा वेळ उठून जावे. रोजचे अंगाईगीत, रोजची गोधडी आणि झोपण्यापूर्वीचे गोष्टीचे पुस्तक मात्र तेच ठेवावे, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलली तर मूल ती सहन करते. चार-सहा रात्री रडारड होईल. ती आताच झालेली बरी, कारण आत्ता आईला मध्येच जाऊन कुशीत घेता येते, बाळंतपणानंतर तिला तेवढी मोकळीक राहत नाही.

बालवाडीत किंवा प्लेग्रुपमध्ये घालायचे असेल तर आपल्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात हे ध्यानात घेऊन हिशेब मांडावा. प्रसूतीची तारीख जुलै-ऑगस्टमधली असेल, तर जूनमध्ये शाळा आणि लगेच बाळ हा दुहेरी बदल मुलावर लादू नये; शक्य असेल तर दिवाळीनंतर पाठवावे. डायपर सोडवण्याचेही तसेच आहे. सहाव्या महिन्यापर्यंत जमले तर उत्तम, नाही तर बाळ तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत तो विषयच काढू नये. ज्यांना शी-शू सांगता येऊ लागलेली असते अशी मुलेसुद्धा भावंड आल्यावर काही आठवडे चड्डी ओली करतात. त्या वेळी न रागावता कपडे बदलून मोकळे व्हावे.

आईचे शरीर आणि थोरल्याचे वजन

दोन वर्षांच्या मुलाचे वजन दहा-बारा किलो असते. गरोदरपणात कोणतीही गुंतागुंत नसेल तर अधूनमधून मुलाला उचलण्यास बहुतेक डॉक्टर मनाई करत नाहीत, मात्र उचलण्याची पद्धत बदलावी लागते. कमरेत वाकून मुलाला जमिनीवरून उपसू नये. गुडघे वाकवून खाली बसावे, मुलाला अंगाशी घट्ट धरावे आणि पायांच्या जोरावर उठावे. त्याहून चांगली सवय म्हणजे आईने खुर्चीवर किंवा पलंगाच्या कडेला बसावे आणि मुलाने चढून मांडीवर यावे. मुलाला हवी असते ती जवळीक, आणि ती बसूनही देता येते. रक्तस्राव झालेला असेल, वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात खाली असेल किंवा दिवस भरण्याआधीच कळा येण्याचा धोका सांगितलेला असेल, तर मात्र उचलणे पूर्ण बंद करावे. खेळता खेळता मुलाचा पाय किंवा डोके पोटाला लागले तर घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण गर्भाभोवतीचे पाणी अशा किरकोळ धक्क्यांपासून त्याचे रक्षण करते. जोराचा मार बसला किंवा त्यानंतर पोट दुखू लागले, स्राव दिसला, तर त्याच दिवशी तपासून घ्यावे.

आता एका सवयीबद्दल. ताटात उरलेले दोन घास वाया जाऊ नयेत म्हणून मुलाचे उष्टे आईने खाणे ही आपल्या घरांतली जुनी रीत आहे. गरोदरपणात ती बंद ठेवावी. सायटोमेगॅलो नावाचा एक विषाणू लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून पसरतो; मुलाला त्याचा काहीच त्रास जाणवत नाही, पण गर्भापर्यंत पोहोचल्यास बाळाच्या ऐकण्यावर व वाढीवर परिणाम होऊ शकतो. आपल्या देशात बहुतेक स्त्रियांना हा संसर्ग लहानपणीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे धास्ती घेण्याची गरज नाही, परंतु काळजी घ्यायला खर्चही काही नाही. मुलाचा चमचा, पेला आणि तोंडातला बिस्किटाचा तुकडा वेगळा ठेवावा, नाक पुसल्यावर व डायपर बदलल्यावर साबणाने हात धुवावेत आणि पापा ओठांऐवजी कपाळावर घ्यावा. थोरल्याला कांजिण्या आल्या आणि आईला पूर्वी त्या आलेल्या नसतील किंवा तिने लस घेतलेली नसेल, तर पुरळ दिसताच डॉक्टरांना फोन करावा. आई गरोदर आहे म्हणून मुलाचे लसीकरण पुढे ढकलणारी कुटुंबे आढळतात. ते चुकीचे आहे. सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यानचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा बूस्टर वेळेवरच द्यावा, कारण त्यातून घरातल्या गरोदर आईचेही संरक्षण होते.

लोहाच्या गोळ्यांविषयी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली सर्वांना ठाऊक असते: गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. दुसरी फारशी कोणी सांगत नाही. सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांना मिळणारी गोळी लाल रंगाची, वर साखरेचे आवरण असलेली असते आणि दोन वर्षांच्या मुलाला ती हुबेहूब जेम्सच्या गोळीसारखी दिसते. लोहाच्या गोळ्या मूठभर खाल्ल्या गेल्यास लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून त्या ओट्यावर, फ्रिजवरच्या टोपलीत, पर्समध्ये किंवा उशाशी ठेवू नयेत. कुलपाच्या कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवाव्यात. मुलासमोर गोळी घेऊही नये, कारण आई जे तोंडात टाकते ते त्यालाही हवे असते. गोळी खाल्ल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवण्याच्या खटपटीत न पडता पाकीट बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

पहिले मूल अजून अंगावर पीत असेल तर गरोदरपण साधे असताना दूध तोडण्याची सक्ती नसते. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास दूध आपोआप कमी होते, त्याची चव बदलते आणि कित्येक मुले स्वतःहूनच सोडतात. पूर्वी मुदतीआधी प्रसूती झालेली असेल, जुळे असेल किंवा रक्तस्राव होत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावे. तोडायचेच असेल तर दिवसातली एकेक वेळ कमी करत जावे. कडुनिंबाचा पाला किंवा तिखट लावून एका रात्रीत तोडण्याचा मार्ग आजही सुचवला जातो, तो मुलासाठी निष्कारण कठोर आहे आणि अचानक दूध थांबल्यास आईच्या स्तनांत गाठीही होतात.

दुसऱ्या खेपेला बाळाची हालचाल पहिल्यापेक्षा लवकर, बऱ्याचदा सोळा ते अठरा आठवड्यांतच जाणवू लागते. पण दिवसभर मुलामागे धावताना तिकडे लक्ष जात नाही. शेवटच्या तीन महिन्यांत रात्री जेवणानंतर काही वेळ डाव्या कुशीवर निवांत पडून हालचालीकडे लक्ष द्यावे आणि ती नेहमीपेक्षा कमी वाटली तर सकाळची वाट पाहू नये. दुपारी मूल झोपले की भांडी-कपडे राहू द्यावेत आणि आईनेही आडवे व्हावे. हा वाक्प्रचारासारखा दिला जाणारा सल्ला नाही: दुसऱ्या गरोदरपणातला थकवा पहिल्यापेक्षा वेगळा असतो, आणि त्यामागे कमी झालेले हिमोग्लोबिन तर नाही ना, हे प्रत्येक तपासणीत विचारून घ्यावे.

थोरल्याला सांगावे कधी आणि कसे

फार लवकर सांगू नये. दोन वर्षांच्या मुलाला सहा महिने म्हणजे काय ते कळत नाही आणि रोज सकाळी ‘आज बाळ येणार का’ हा प्रश्न ऐकावा लागतो. पोट दिसू लागले, दगदग वाढली आणि घरात त्याविषयी उघड बोलणे होऊ लागले, की साध्या शब्दांत सांगावे. काळ सणांनी मोजावा: ‘गणपती येतील, मग जातील, मग आकाशकंदील लावू, आणि त्यानंतर बाळ येईल’ हे त्याला समजते, कारण मोदक आणि कंदील त्याने पाहिलेले असतात. बाळ आले की तुला खेळायला सवंगडी मिळेल असे आश्वासन देऊ नये. आलेले बाळ खेळत नाही, नुसते रडते आणि झोपते, आणि मुलाला आपण फसवले गेल्यासारखे वाटते. त्याऐवजी त्याचेच तान्हेपणीचे फोटो दाखवावेत, तो किती रडायचा, त्याला कोण न्हाऊ घालायचे, दात नव्हते तेव्हा काय खायचा, हे सांगावे. स्वतःच्या गोष्टी ऐकायला मुलांना फार आवडते आणि बाळ म्हणजे काय हेही त्यातून कळते.

‘बाळ पोटात आहे म्हणून उचलत नाही’, ‘बाळाला लागेल, लांब हो’ ही वाक्ये दिवसातून किती वेळा बोलली जातात याकडे एकदा लक्ष द्यावे. ‘माझी कंबर दुखते, आपण बसून जवळ घेऊ’ एवढे म्हटले तरी काम भागते आणि दोषही बाळावर जात नाही. नाव बदलण्याची घाईसुद्धा नको. बातमी फुटल्याबरोबर सगळे नातेवाईक काल-परवापर्यंतच्या सोन्याला, चिमीला एकदम दादा किंवा ताई म्हणू लागतात, आणि पाठोपाठ ‘दादा रडत नाही’, ‘ताई शहाणी असते’ अशी भरही घालतात. ज्याला अजून चपलेचा डावा-उजवा पाय कळत नाही त्याच्यावर ही पदवी लादू नये. घरात लाडाचे नावच चालू ठेवावे.

पाहुण्यांचा बंदोबस्त हा स्वतंत्र विषय आहे. ‘आता तुझे लाड संपले’, ‘आई आता बाळाची होणार’ असे म्हणून मुलाचा चेहरा पडताना पाहण्यात काही मंडळींना फार गंमत वाटते. अशा वेळी वडीलधाऱ्यांचा मान राखूनही तिथल्या तिथे, मुलाला ऐकू जाईल असे उत्तर द्यावे: ‘नाही हो काकू, लाड दोघांचेही होतील.’ हे उत्तर काकूंसाठी नसून मुलासाठी असते. दुसरा प्रकार म्हणजे थोरल्याला ‘सांग बघू, आईच्या पोटात काय आहे?’ असे विचारून त्याच्या तोंडून भविष्य वदवणे. डोहाळजेवणात पेढा आणि बर्फी वाट्यांखाली झाकून ठेवण्याचा खेळही त्याच जातीचा. महाराष्ट्राने 1988 मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला आणि 1994 मध्ये संसदेने देशासाठीही तसा कायदा केला. खेळाला हा कायदा लागू नाही हे खरे, परंतु थोरली मुलगी शेजारी बसलेली असताना वाटीखालून पेढा निघाल्यावर जो जल्लोष होतो, तो तिलाही ऐकू येतो. माझ्या मते हा खेळ सरळ वगळावा. डोहाळजेवण मात्र अवश्य करावे, आणि आईच्या फुलांच्या दागिन्यांबरोबर एक लहान वाडी किंवा मुकुट थोरल्यासाठीही करून घ्यावा, म्हणजे फोटो निघताना ते पदर ओढत बसत नाही.

माहेर, तारीख आणि ती रात्र

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत असली तरी दुसऱ्या वेळी निर्णय थोरल्याकडे पाहून घ्यावा. माहेर दुसऱ्या गावी असेल तर मुलाचे बाबा, त्याचे अंथरूण, त्याचे मैत्र सगळेच एकदम सुटते. म्हणून शक्य तिथे आजीलाच इकडे बोलावणे मला अधिक योग्य वाटते. माहेरीच जायचे ठरले तर आठवा महिना लागण्याच्या सुमारास, डॉक्टरांना विचारून जावे, म्हणजे ते घर मुलाच्या सवयीचे होते. मुलाचा चमचा, उशी आणि दोन जुनी खेळणी बरोबर न्यावीत. परदेशात राहणाऱ्यांनी आजी-आजोबांच्या व्हिसाची खटपट चौथ्या महिन्यातच सुरू करावी.

रजेचा हिशेबही आधी करावा. कायद्यानुसार दोन हयात अपत्यांपर्यंत नोकरदार स्त्रीला 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते आणि त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. केंद्र सरकारच्या नोकरीत पित्याला 15 दिवसांची रजा असते आणि ती प्रसूतीनंतर सहा महिन्यांच्या आत घेता येते. पहिला आठवडा घर माणसांनी भरलेले असते. खरी ओढाताण आजी परत गेल्यावर सुरू होते, त्यामुळे बाबांनी रजा त्या दिवसांसाठी राखून ठेवण्याचा विचार करावा. अंगणवाडीत नाव नोंदवलेले असावे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत दुसरे अपत्य मुलगी असल्यास पात्र कुटुंबाला 6000 रुपये मिळतात.

दुसऱ्या खेपेला कळा सुरू झाल्यापासून प्रसूतीपर्यंतचा वेळ बहुधा पहिल्यापेक्षा कमी असतो. म्हणून रुग्णालयाच्या पिशवीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे रात्री दोन वाजता थोरल्याजवळ कोण थांबणार, याचे नाव ठरलेले असणे. आजी पोहोचायला दोन तास लागणार असतील तर शेजारच्या एखाद्या घरी बोलून ठेवावे आणि त्या घरी मुलाला आधी चार-दोन वेळा जेवायला, झोपायला पाठवावे. मूल झोपलेले असले तरी निघताना त्याला हलके उठवून ‘मी दवाखान्यात जाते आहे, आजी तुझ्याजवळ आहे’ एवढे सांगावे. सकाळी उठल्यावर आई नाहीशी झालेली असणे हे दोन मिनिटांच्या रडण्यापेक्षा वाईट. 108 आणि 102 हे रुग्णवाहिकेचे क्रमांक घरातल्या सर्व मोठ्यांच्या फोनमध्ये असावेत.

बाळ घरी आल्यावर

पहिल्या भेटीत बाळ पाळण्यात किंवा आजीच्या मांडीवर असावे आणि आईचे हात रिकामे असावेत. थोरल्याने आधी आईला बिलगावे, मग त्याला वाटेल तेव्हा बाळाकडे बघावे; ‘पापा घे, पापा घे’ असा आग्रह धरू नये. बाळंतिणीच्या खोलीत त्याला मज्जाव करू नये. फक्त बाहेरून आल्यावर हात-पाय धुण्याचा नियम सर्वांना सारखा ठेवावा. शेक-शेगडी आणि धुरी आजही काही घरांत होते. बंद खोलीत निखारे ठेवणे बाळाला, बाळंतिणीला आणि रांगत्या-धावत्या मुलालाही धोक्याचे आहे, ते टाळावे. बाराव्या दिवशी बारशाला आत्याने कानात नाव सांगितल्यावर पाळण्याची दोरी ओढण्याचा पहिला मान थोरल्याला द्यावा आणि आहेर आणणाऱ्यांना त्याच्यासाठीही एखादे पुस्तक आणण्यास मोकळेपणाने सुचवावे.

बाळ दूध पीत असते ती वेळ थोरल्याच्या हट्टाची ठरलेली वेळ असते. आईच्या पाजण्याच्या जागेजवळ एका टोपलीत चित्रांची पुस्तके, रंगीत खडू आणि चुरमुऱ्यांची लहान डबी ठेवावी आणि ती टोपली फक्त त्याच वेळी बाहेर काढावी. मालिशवाल्या बाई बाळाला न्हाऊ घालतात तेवढा वेळ रोज नियमाने थोरल्याचा असावा. बाई आल्या की आईने बाळाकडे पाठ करून थोरल्याला जवळ घ्यावे. बाळाला चिमटा काढला किंवा ढकलले तर मारू नये, हात धरून थांबवावे. तीन वर्षांखालच्या मुलाबरोबर बाळाला एक क्षणही एकटे सोडू नये. त्यात त्याचा वाईट हेतू नसतो, त्याला बाळाच्या तोंडात शेंगदाणाही प्रेमानेच घालायचा असतो.

सिझेरियन झालेले असेल तर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये, म्हणजे थोरल्याला मुळीच नाही. पलंगाजवळ एक भक्कम पाट किंवा बुटके स्टूल ठेवावे, आईने पोटावर उशी धरून बसावे आणि थोरल्याने स्टुलावरून चढून तिच्या कुशीला बसावे. स्टुलावर चढण्याचा सराव नवव्या महिन्याआधीच करून घेतलेला असावा.